लाल चौकोनात

बारा उभे रकाने, अकरा आडव्या ओळी.
हिरवा म्हणजे जावं, पिवळा म्हणजे बघू,
लाल म्हणजे तिकडे फिरकायचंच नाही.
पाच महिने खर्ची घातले या एका कागदावर,
तारखा शिसपेन्सिलीनं,
कारण आभाळाचं काय सांगावं.

उत्तर लाओसमधून मार्चच्या आत निघायचं,
नंतर उतारावरची शेतं पेटवतात,
नदीचा पलीकडचा काठ आठवडेच्या आठवडे दिसत नाही.
स्वानेतीच्या खिंडी जुलैत मोकळ्या होतात.
पॅटागोनियात डिसेंबर म्हणजे उन्हाळा,
पण वारा असा की झोपण्याआधी
तंबूच्या खुंट्या दोनदा मोजाव्यात.
मध्ये व्हिसाचे चार दिवस, हातचे धरलेले.
गणित जमत आलं होतं:
वर्षभर वसंताच्या मागे मागे,
एकही स्वेटर जास्त न घेता.

आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात
सारी-ताशला अडकले.

खिंड बंद. वर बर्फ काढणारी गाडीच
बर्फात रुतली आहे म्हणे.
"म्हणे" हेच इथलं हवामान खातं.
वारा तर या गावाच्या पाचवीलाच पुजलेला,
दोरीवरची चादर वाळत नाही, नुसती भांडते.

उलकान सकाळी गोवऱ्यांची टोपली
चुलीपाशी आदळते, चहा ओतते,
वाटी नेहमी अर्धीच.
काठोकाठ भरली तर पाहुण्यानं समजावं
की आता उठायची वेळ झाली.
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं,
तोवर मी तिला कंजूष समजत होते.

पाचव्या दिवशी तिनं कागद ओढून घेतला.
"यात आम्ही कुठे?"
तिच्या लेकीच्या, सेझिमच्या,
शाळेतल्या इंग्रजीतून प्रश्न माझ्यापर्यंत आला.
मी दाखवलं. सातवी ओळ.
दोन पिवळे, एक हिरवा, नऊ लाल.

तिनं बोट ॲप्रनला पुसलं,
आणि लालावरून फिरवत नेलं,
जसं गव्हातून खडे काढताना फिरतं.
हा नोव्हेंबर ना? यात तोलोगोन घोडा कापतो,
हिवाळ्याचं मांस, अख्खी गल्ली जेवायला.
हा फेब्रुवारी. यात ही झाली.
दारापुढे छातीएवढा बर्फ,
सुईण खिडकीतून आत आली, बूट हातात घेऊन.
हा मार्च. कोकरं. एका रात्रीत सात,
इथेच, तू झोपतेस त्या गादीच्या जागी.
सेझिम मध्येच हसली, काहीतरी गाळलं तिनं,
मी विचारलं नाही.

मग बोट हिरव्यावर आलं. थांबलं.
"आणि हा जुलै?
जुलैत आम्ही इथं नसतोच.
मेंढ्या, घोडे, पातेली, सगळं घेऊन वर जाइलूवर.
घराला कुलूप.
माझी जाऊ असते, पैसे घ्यायला."

मी खोडरबर शोधला.
काय खोडायचं ते मात्र सुचेना.
लाल पेन्सिल सेझिमनं कधीच पळवली होती,
ती खिडकीत बसून घोड्याला नाल काढत होती.

गुरुवारी पहाटे तोलोगोन सांगत आला,
पलीकडून एक ट्रक उतरलाय,
चाकांना साखळ्या आहेत, एकाची जागा आहे.
मी धावपळीत बॅग भरली,
मोजे ओलेच कोंबले,
बोटांवर तारखा पुढे सरकवल्या:
पामीर सहा दिवस उशिरा, म्हणजे स्वानेती,
म्हणजे पुढचं सगळंच
एकेक घर पलीकडे.

उलकाननं चहा ओतला.
बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.
मी वाटीकडे पाहिलं.
अर्धी.